ब्रॉन्किओल पहिल्यांदा शिकतोयस? एवढंच आधी पक्कं कर

ब्रॉन्किओल म्हणजे फुप्फुसातली बारीक श्वासनळी. श्वासनळीच्या फांद्यांच्या सगळ्या पिढ्या पाठ करायला आत्ताच बसू नकोस. आधी भिंत बघ. ब्रॉन्कसच्या (तिच्याआधीच्या मोठ्या नळीच्या) भिंतीत कूर्चा आणि ग्रंथी असतात. साधारण १ मिमीपेक्षा बारीक ब्रॉन्किओलमध्ये दोन्ही नसतात, स्नायू मात्र असतो. म्हणून दम्यात ती आवळते. मग एरवी उघडी कशी राहते? भोवतालच्या वायुकोशांचे (हवेच्या सूक्ष्म पिशव्यांचे) लवचीक तंतू तिला चहूबाजूंनी ताणून धरतात. एम्फिसीमा या फुप्फुसाच्या आजारात हे तंतू नष्ट होतात आणि श्वास सोडताना नळी मिटते. हे उमगलं की अर्धा धडा हातात आला म्हणून समज.

हमखास होणाऱ्या चुका:

- टर्मिनल आणि रेस्पिरेटरी या ब्रॉन्किओलच्या दोन प्रकारांत गल्लत. भिंतीतच वायुकोश उघडताना दिसले की रेस्पिरेटरी. वायूंची देवाणघेवाण तिथून सुरू. टर्मिनल फक्त हवा वाहून नेते.
- बारीक नळ्या म्हणून हवेला एकूण रोध जास्त, हा समज. एकेकीचा असतो, खरं. पण हजारो नळ्या समांतर असल्याने एकूण रोध कमीच भरतो. त्यामुळे तिथला आजार स्पायरोमेट्रीत (फुंकून श्वास मोजण्याच्या चाचणीत) बराच काळ लपतो.
- सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड बघताना शेजारच्या धमनीलाच ब्रॉन्किओल समजणं. आतलं अस्तर बघ: सिलिया (पेशींवरचे सूक्ष्म केस) दिसल्या की ब्रॉन्किओल.

ब्रॉन्किओलच्या अस्तरातल्या क्लब पेशींचं फक्त नाव लक्षात ठेव, तपशील पुढच्या खेपेला. स्लाइड नेहमी कमी पॉवरवर सुरू कर.