एक्स्चेंजमध्ये जुनी गाडी देऊन बसलो, नवी मिळत नाही आणि आता भावही पाडतात. काय करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ३० ऑगस्टला शोरूमने तुमची जुनी गाडी ३ लाख १० हजार धरून एक्स्चेंजमध्ये घेतली आणि त्याच दिवशी यार्डात नेली. नवी दसऱ्याला देतो म्हणाले. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न लागलं, गाडीचा पत्ता नाही. आता म्हणतात, जीएसटी कमी झाल्यामुळे जुन्या गाड्यांचे भाव उतरले, २ लाख ७० हजारच धरू, पटत नसेल तर जुनी गाडी परत घेऊन जा. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) अजून तुमच्याच नावावर आहे. यात तुमचे हक्क काय?

मी वकील नाही. सांगलीत एका बँकेच्या वाहन कर्ज विभागात अकरा वर्षं काम केलं आणि २०२१ साली स्वतः अशाच एक्स्चेंजमध्ये अडकलो होतो. त्यातून जे शिकलो आणि पुढे इतरांच्या प्रकरणांत जे पाहिलं, ते सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. तुम्ही शोरूमला जुनी गाडी ‘ठेवायला’ दिलेली नाही. ३ लाख १० हजार रुपये भरले आहेत, फक्त नोटांच्या ऐवजी गाडीच्या रूपात. सेल्सवाला तुमच्याशी बोलतो तेव्हा जुन्या गाडीची गोष्ट वेगळी आणि नव्याची वेगळी असल्यासारखं बोलतो. जुनी ‘युज्ड कार डिपार्टमेंट’कडे, नवी ‘सेल्स’कडे, आणि तुम्ही दोन टेबलांमध्ये फेऱ्या मारता. कायद्याच्या नजरेत हा एकच व्यवहार आहे. जीएसटीच्या नियमांतसुद्धा (२०१७ चे केंद्रीय नियम, नियम २७) हेच उदाहरण मोबाइलचं दिलंय: जुना फोन देऊन नवा २० हजारांना घेतला आणि एक्स्चेंजशिवाय त्याची किंमत २४ हजार असेल, तर कर २४ हजारांवर. म्हणजे जुनी वस्तू हा किमतीचाच भाग. एक्स्चेंजचा आकडा दोघांनी मान्य करून गाडीचा ताबा दिला, की तो आकडा एकट्या डीलरला बदलता येत नाही. तुम्ही रोख ३ लाख १० हजार भरले असते आणि तो नोव्हेंबरमध्ये म्हणाला असता की रुपयाची किंमत घसरली, आता २ लाख ७० हजारच जमा धरतो, तर चाललं असतं का?

इथे डीलरची बाजूही न्यायाने बघायला हवी. डील शीटच्या, म्हणजे व्यवहार ठरवताना सही केलेल्या कागदाच्या, तळाशी बारीक अक्षरात बऱ्याचदा असतं की डिलिव्हरीच्या वेळी गाडीचं पुन्हा व्हॅल्युएशन होईल. जुनी गाडी तुमच्याच दारात उभी असती, तुम्ही ती तीन महिने चालवली असती, पुढच्या बंपरला पोचा आला असता, तर हे कलम मला रास्त वाटलं असतं. पण गाडी ३० ऑगस्टपासून त्यांच्या यार्डात आहे. उशीर त्यांचा, ताबा त्यांचा, मग भाव उतरल्याचा तोटा तुमचा कसा?

जीएसटीचं कारण तर नीट तपासून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा (१२०० सीसीपर्यंत आणि ४ मीटरच्या आतल्या) कर २८ टक्के अधिक १ टक्का सेस यावरून सरळ १८ टक्क्यांवर आला. नव्या स्वस्त झाल्या तशा जुन्यांच्या किमती दबल्या, हे खरं आहे. पण नव्या गाडीचं बिल २२ सप्टेंबरनंतर फाटणार असेल तर त्यावर नवा दर लागायलाच हवा. शोरूमने केलेली ती मेहेरबानी नाही. काही ठिकाणी असं होताना पाहिलंय की नव्या गाडीत करकपातीचे पैसे ‘सोडले’ म्हणून दाखवायचे आणि जुनीच्या भावात ते परत काढून घ्यायचे. त्यामुळे ताजं कोटेशन लेखी मागा आणि त्यात एक्स-शोरूम, विमा, रोड टॅक्स, अ‍ॅक्सेसरीज हे सगळं सुटं करून घ्या. ऑगस्टच्या कोटेशनशेजारी ठेवलं की कुठे काय सरकलंय ते लगेच दिसतं.

आता उशिराबद्दल. डिलिव्हरीची तारीख कुठे लिहिलेली आहे का? बुकिंग फॉर्म, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘सर दसऱ्याला पक्की’ एवढा मेसेजसुद्धा चालेल. तो मेसेज पुरावा आहे, फोन बदलायच्या आधी त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. तारीख कुठेच नसेल तरी तुम्ही मोकळ्या हातांनी उभे नाही. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम ४६ प्रमाणे वेळ ठरलेली नसेल तर काम ‘वाजवी वेळेत’ व्हायला हवं. आणि ठरलेली वेळ हाच कराराचा गाभा असेल, तर कलम ५५ प्रमाणे ती चुकल्यावर करार रद्द करण्याचा पर्याय तुमच्या हातात येतो, डीलरच्या नाही. तो ‘जुनी परत घ्या’ म्हणतो ते तुमच्यावर बंधनकारक नाही. तुम्हाला नवीच गाडी हवी असेल तर ठरलेल्या हिशोबाने ती मागत राहू शकता. रद्द करायचं असेल तर बुकिंगची पूर्ण रक्कम आणि ३ लाख १० हजार व्याजासह मागा, किंवा जुनी गाडी दिली तशीच मागा. तशीच म्हणजे किलोमीटर रीडिंगसकट. चूक त्यांची असताना बुकिंगमधून ‘कॅन्सलेशन चार्जेस’ कापू देऊ नका.

याच कलम ५५ मध्ये एक गोष्ट आहे जी फारच थोड्या लोकांना माहीत असते. उशिरा आलेली वस्तू तुम्ही निमूटपणे स्वीकारली, आणि स्वीकारताना ‘नुकसानभरपाई मागणार आहे’ असं कळवलं नाही, तर मागाहून उशिराची भरपाई मागता येत नाही. डिलिव्हरीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. गाडीवर लाल कापड, बॉनेटवर हार, पेढ्यांचा बॉक्स, बायकापोरं फोटोसाठी उभी, आणि त्या गडबडीत पॅडवर लावलेले आठ-दहा कागद सहीला येतात. त्यांतला एक असतो ‘मला कोणतीही तक्रार नाही’ असा. मी २०२१ मध्ये त्यावर सही केली होती आणि पुढे सहा महिने तोच कागद माझ्या तोंडावर धरला गेला. तुम्ही सही करताना वर पेनाने एक ओळ लिहा: ‘डिलिव्हरी उशिरा मिळाली, भरपाईचा हक्क राखून ताबा घेत आहे’, खाली तारीख, आणि त्या पानाचा फोटो. शिवाय आदल्या रात्री हेच ईमेलने कळवून ठेवा. पेढे खाऊनसुद्धा हे करता येतं.

पण खरं सांगू का, मला तुमच्या ४० हजारांपेक्षा आरसीची काळजी जास्त वाटते.

माझी जुनी गाडी मी एक्स्चेंजमध्ये दिली तेव्हा टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर, कोऱ्याच सह्या केल्या. घेणाऱ्याचं नाव रिकामं, तारीख रिकामी. ‘गिऱ्हाईक मिळालं की भरतो, सगळे असंच करतात’ असं सांगितलं. चार महिन्यांनी मोबाइलवर ई-चलन आलं, साताऱ्याजवळ हायवेवर वेग मर्यादेबाहेर. फोटो उघडला तर माझीच गाडी. मागच्या काचेवर मुलीने चिकटवलेला गणपतीचा स्टिकर, त्याचा उजवा कोपरा सुटलेला, तोही तसाच. चालवणारा कोण, देव जाणे. त्या जागी अपघात झाला असता तर काय, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

आणि ती भीती पोकळ नव्हती. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. मालकाने २००७ मध्ये गाडी विकली, ती पुढे हातोहात फिरली, २००९ मध्ये अपघात होऊन जीव गेला, पण आरटीओत नाव पहिल्याचंच. न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) च्या आधाराने सांगितलं की नोंदीत ज्याचं नाव तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. विकली हे सांगून सुटका नाही.

तुमच्या बाबतीत दिलासा हा की १ एप्रिल २०२३ पासून नियम बदललेत. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या डीलरला आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते पाच वर्षं चालतं. तुम्ही गाडी त्याच्या ताब्यात दिली की तुम्ही आणि डीलर मिळून फॉर्म २९सी मध्ये ऑनलाइन कळवायचं असतं. त्याची पोच निघाली की तेव्हापासून त्या गाडीचा मालक डीलर समजला जातो, गाडीची आणि कागदांची जबाबदारी त्याची. गाडी रस्त्यावर काढायची तर ट्रायल, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांसाठीच, आणि त्याचीही नोंद ठेवायची. म्हणून उद्या शोरूमला जाल तेव्हा पहिला प्रश्न भावाचा नको, हा विचारा: ‘तुमचं अधिकृतता प्रमाणपत्र दाखवा आणि माझ्या गाडीच्या २९सी ची पोच द्या.’ हा प्रश्न ऐकून मॅनेजरचा सूर बदलतो, हे मी दोनदा समोर बसून पाहिलंय. पोच नसेल तर तुम्ही स्वतः तुमच्या आरटीओला लेखी कळवा की अमुक तारखेला, अमुक वेळी, इतक्या किलोमीटरला गाडी अमुक डीलरच्या ताब्यात दिली आहे. कलम ५० प्रमाणे एरवीही राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं. मोबाइलवर एमपरिवहन अ‍ॅपमध्ये नंबर टाकून अधूनमधून बघत राहा.

तक्रार कुठे करायची? इथे एक बारकावा आहे. नुसती गाडी विकून मोकळा झालेला माणूस ‘ग्राहक’ ठरेलच असं नाही, कारण ग्राहक म्हणजे विकत घेणारा किंवा सेवा घेणारा, आणि तो तर विकणारा. तुमचं तसं नाही. तुम्ही नवी गाडी घेताय, जुनी हा तिच्या किमतीचा हप्ता. म्हणून तक्रार लिहिताना सुरुवात नव्या गाडीपासून करा: ‘मी अमुक गाडी विकत घेण्यासाठी बुकिंगची रक्कम आणि ३ लाख १० हजारांची जुनी गाडी असा मोबदला दिला, आणि विरुद्ध पक्षाने वेळेत डिलिव्हरी दिली नाही.’ ‘माझी जुनी गाडी त्यांनी घेतली आणि पैसे देत नाहीत’ अशी सुरुवात केली तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तुम्ही ग्राहकच नाही म्हणून भांडत बसेल.

आधी एक पानभर पत्र स्पीड पोस्टाने शोरूमला आणि त्याची प्रत कंपनीच्या कस्टमर केअरला. वकिलाची नोटीस असायलाच हवी असं नाही. त्यात १५ दिवसांची मुदत, तुमची मागणी आणि २९सी चा मुद्दा. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्यांना आदेश देण्याचा अधिकार नाही, पण कंपनीकडून उत्तर येतं, आणि कधीकधी तेवढ्यावरच काम होतं. झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दाखल करता येतं, शोरूम दुसऱ्या गावात असलं तरी. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये. मुदत दोन वर्षांची, पण एवढं थांबू नका. वकील न देता स्वतः उभं राहता येतं आणि तुमच्यासारख्या कागदोपत्री प्रकरणात मला ते जमण्यासारखं वाटतं. निकाल लागायला कायद्यातल्या तीन महिन्यांपेक्षा वेळ जातो, हे मात्र धरून चला.

भरपाईत रिक्षा-टॅक्सीचा खर्च, व्याज आणि नो क्लेम बोनसचं नुकसान धरा. हा बोनस म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट; तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि जुनी गाडी विकल्याचा पुरावा दिला की विमा कंपनी त्याचं पत्र देते, ते तीन वर्षं वापरता येतं. तो पुरावाच डीलर अडवून बसला असेल तर तसं पत्रात लिहा.

आणि जुन्या गाडीचा विमा कधी संपतो ते आज रात्रीच बघा. यार्डात उभ्या असलेल्या गाडीची पॉलिसी संपली, कुणीतरी ती बाहेर काढली आणि कुणाला लागली, तर आरसीवर नाव तुमचं आहे. तारीख जवळ असेल आणि २९सी ची पोच हातात नसेल, तर थर्ड पार्टी पॉलिसी (दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा) तेवढी स्वतः भरून टाका आणि ती पावती तक्रारीला जोडा. गाडीची दुसरी किल्ली अजून तुमच्याकडे असेल तर ती पोच मिळेपर्यंत देऊ नका.

डील शीटचा फोटो इथे टाकलात, नाव-नंबर झाकून, तर त्यातली बारीक अक्षरं वाचून सांगतो.