शोध कुठवर घ्यायचा?

प्रश्न: डिलिव्हरीच्या पत्त्यांच्या ओळी फोडायला मी जावात छोटी लायब्ररी लिहितोय. त्यात 'इथपासून इथपर्यंतच शोध' अशी मेथड हवीये. हद्द चुकीची आली तर एरर टाकू की सावरून घेऊन मायनस एक (म्हणजे 'सापडलं नाही') देऊ? आमचे सीनियर म्हणतात जावातली जुनी इंडेक्सऑफ (अक्षर किंवा शब्द कितव्या जागी आहे ते सांगणारी मेथड) हद्द चुकली तरी कधी एरर देत नाही, मग नवीननेच का द्यावी.
– एक वाचक, इंदूर

उत्तर: दादा, एररच टाका.

आधी ही मेथड लागते कशाला ते बघा. समजा ओळ आहे 'राजवाडा;सराफा;पलासिया' आणि तुम्हाला फक्त मधल्या भागात, म्हणजे ८ पासून १३ च्या आधीपर्यंत (जागा शून्यापासून मोजायच्या, काना-वेलांटी वेगळी धरून), 'ल' शोधायचाय. नुसतं ८ पासून शोधलं तर १५ येतं, तो ल पलासियातला, सराफ्यात ल नाहीच. मग लोक सबस्ट्रिंग (ओळीचा तुकडा) काढून त्यात शोधतात आणि उत्तरात ८ मिळवतात, पण सापडलं नाही की मायनस एक अधिक आठ म्हणजे सात, आणि सातव्या जागी आहे अर्धविराम, म्हणजे प्रोग्रॅमला वाटतं सापडलं! शिवाय दर वेळी अक्षरांची कॉपी होते ती वेगळीच.

सीनियरांचं म्हणणं खरं आहे, जुन्या मेथडला सुरुवात मायनसमध्ये दिली तर ती शून्य धरते. पायथन भाषेतली तशीच फाइंडही शेवट लांबीबाहेर गेला तर निमूट चालवून घेते. पण जावा २१ मध्ये (सप्टेंबर २०२३) दोन्ही टोकं घेणारी इंडेक्सऑफ आली ती मुद्दाम कडक ठेवलीये, आणि मला ते अगदी पटतं, कारण तिथे अक्षरसुद्धा इंट (पूर्णांक) म्हणून जातं, म्हणजे तिन्ही आर्ग्युमेंट इंट, क्रम चुकला तरी कंपायलर हूं की चूं करत नाही. क्रम आहे आधी अक्षर, मग सुरुवात, मग शेवट; कोणी घाईत ८, १३, 'फ' असं लिहिलं तर फ चा कोड २३४७, तोच शेवट समजला जातो, ओळ आहे २१ ची, लगेच एक्सेप्शन, म्हणजे एरर. सावरून घेणारी मेथड २३४७ चे २१ करेल, मायनस एक देईल आणि तुम्ही सराफ्यात फ नाही असं समजून पुढे जाल.

सुरुवात आणि शेवट सारखे असले तर मात्र एरर नको, रिकामा पत्ता ही चूक नाही. उत्तर नेहमी पूर्ण ओळीतला इंडेक्स द्या, तुकड्यातला नको, आणि शोधायचा शब्द अख्खाच्या अख्खा हद्दीत बसला तरच सापडला म्हणा. तुमचा प्रोजेक्ट जावा २१ वर असेल तर स्वतः लिहूच नका, तयार मेथड वापरा. जुन्या व्हर्जनवर असाल तर नाव आणि क्रम तोच ठेवा, पुढे बदलताना त्रास होणार नाही.