८ मिमीची जुनी रिळं: आधी एडिटर घ्या, प्रोजेक्टरचं नंतर बघू

नमस्कार. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत घरगुती चित्रीकरणाच्या फिल्मची रिळं निघाली, त्यांवर काही लिहिलेलं नाही, आणि आता जुना प्रोजेक्टर घ्यावा की छोट्या पडद्याचा, हाताने फिरवायचा एडिटर, असं तुम्ही विचारलंय. एडिटर घ्या. रिळांत काय आहे ते कळल्यावर प्रोजेक्टर लागणारही नाही कदाचित.

प्रोजेक्टरमध्ये एक नखी फिल्मच्या कडेच्या भोकात शिरून तिला सेकंदाला १६ ते १८ वेळा खाली ओढते. आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर त्याहून जास्त. अशा जागी वर्षानुवर्षं पडून राहिलेली ॲसिटेटची (एका प्रकारच्या प्लास्टिकची) फिल्म आकसते, भोकाभोकातलं अंतर कमी होतं. मग नखी भोकात न बसता कडेवर आपटते आणि भोकं फाटत जातात. खडखड ऐकून मोटर बंद करेपर्यंत बरीच फिल्म गेलेली असते. बहुतेक एडिटरांमध्ये ही नखीच नसते. फिल्म पुढे सरकताना एक दातेरी चाक फिरवते, त्या चाकाबरोबर आतला प्रिझम फिरतो आणि पडद्यावर हलतं चित्र दिसतं. हँडल तुमच्या हातात असतं, त्यामुळे फिल्म जराही अडली तर बोटांना लगेच कळतं.

खरेदीआधी रिळांचं माप ओळखा, कारण बहुतेक फसगत इथेच होते. रेग्युलर ८ आणि सुपर ८ या दोन्ही फिल्मा ८ मिमी रुंदच असतात. १९३२ साली कोडॅकने आणलेली रेग्युलर ८ ही मुळात १६ मिमी रुंदीची फिल्म. कॅमेऱ्यातून ती दोनदा फिरवायची आणि धुतल्यावर मधोमध चिरून जोडायची. तिची भोकं मोठी आणि दोन चित्रांच्या सीमेवर असतात. १९६५ ची सुपर ८ कार्ट्रिजमध्ये यायची. तिची भोकं बारीक, चित्राच्या मध्याच्या रेषेत, आणि चित्र बरंच मोठं. रिळाचं मधलं छिद्रही सांगतं: रेग्युलरचं लहान, सुपरचं जवळजवळ अर्धा इंच. पण कुणी नंतर रीळ बदललेलं असू शकतं, म्हणून निर्णय भोकांवरूनच करा. आजोबांनी १९६५ च्या आधीही चित्रीकरण केलं असेल तर पेटीत दोन्ही मापं निघतील. मग ‘ड्युअल’ एडिटर बघा. गोकोसारख्या जपानी कंपन्यांचे असे एडिटर जुन्या बाजारात येतात. माप बदलायचा खटका किंवा सुटा भाग जागेवर आहे ना, हे विकणाऱ्याला फोटो मागून विचारा.

तळाच्या पट्टीवरचा व्होल्टेज वाचल्याशिवाय वायर लावू नका. जपानमधून आलेलं यंत्र बहुधा १०० व्होल्टचं असतं, आपल्या २३० वर लावलंत तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा. जर्मन यंत्रं २२० ची असतात, ती सोपी पडतात. बल्ब छोटा, कमी व्होल्टेजचा असतो, पण नेमका तोच नमुना मिळणं कठीण. घेण्याआधी पेटता पडदा दाखवणारा व्हिडिओ मागवा. एखाद्या चित्रावर थांबलात तर फार वेळ थांबू नका, बल्बची ऊब एकाच जागी बसते. चांगला इलेक्ट्रिशियन तिथे एलईडी बसवून देतो, तो बदल मी सगळ्यांना सुचवतो.

यंत्र घरी आलं की आजोबांचं रीळ लगेच लावायचं नाही. फिल्म जिथून सरकते ती वाट आणि दातेरी चाक कापसाच्या काडीने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. मग टाकाऊ फिल्मचा तुकडा दोन-तीनदा फिरवा आणि उजेडात तिरपा धरून बघा. एक जरी उभी रेघ उमटली असेल तर कुठेतरी गंज किंवा खरखर आहे. ती सापडेपर्यंत खरी फिल्म लांब ठेवा. रीळ लावण्याआधी नाकाजवळही धरा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट कुजायला लागलंय. ते रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, त्याचा वायू शेजारच्या रिळांनाही बिघडवतो. आणि सगळ्यात आधी तेच बघा, कारण त्याच्याकडे वेळ कमी आहे.

जोड हा स्वतंत्र विषय आहे. फिल्मचे तुकडे जिथे जोडलेले असतात तिथले जुने सिमेंटचे (म्हणजे फिल्म चिकटवायच्या द्रवाचे) जोड सुकून सुटतात, हँडल फिरवताना टक्कन उघडतात. घाबरू नका, फिल्म तुटलेली नसते. पुन्हा जोडायला सिमेंट फक्त ॲसिटेटवर चालतं. पॉलिएस्टर या दुसऱ्या प्लास्टिकवर ते धरतच नाही, आणि सुपर ८ च्याच मापाची फूजीची सिंगल ८ पॉलिएस्टरचीच होती. ओळखायला रीळ बल्बसमोर आडवं धरा: कडेने उजेड आरपार आला तर पॉलिएस्टर, काळोखी दिसली तर ॲसिटेट. माझं मत विचाराल तर घरच्या रिळांना टेपचाच जोड द्या. त्यासाठी सिमेंटचं नव्हे, टेपचं स्प्लायसर (जोड द्यायचं छोटं साधन) घ्या. पिना असलेल्या खाचेत फिल्मची दोन्ही टोकं बसवायची, भोकं पाडलेली टेप दोन्ही बाजूंनी लावायची. टेपच्या जोडात एकही चित्र गमवावं लागत नाही. सिमेंटला टोकं एकावर एक चढवावी लागतात, खरवडावी लागतात. घरातली सेलोटेप मात्र कधीच लावू नका. उन्हाळ्यात तिचा डिंक पाझरतो आणि वेटोळी एकमेकांना चिकटतात.

आता एडिटिंगचं. तुम्ही लिहिलंय की ‘हललेले, निरुपयोगी भाग कापून एक छान रीळ करायचं’. कृपा करून हे करू नका. कापायचंच असेल तर स्कॅन केलेल्या प्रतीवर हवं तितकं कापा. सुपर ८ चं ५० फुटी रीळ सेकंदाला १८ चित्रांच्या वेगाने जेमतेम ३ मिनिटं २० सेकंद चालतं. आजोबांनी त्यात काय बसवलं असेल याचा विचार करा. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजांवरून कॅमेरा घसरला आणि दोन सेकंद नवी पेठेतल्या दुकानांच्या पाट्या, टांगे, गर्दीतले चेहरे आले, तर ते दोन सेकंद आज नंदीध्वजांइतकेच मोलाचे आहेत. नंदीध्वज दरवर्षी जानेवारीत निघतात, त्या पाट्या पुन्हा दिसणार नाहीत. मी अशा घरगुती रिळांत गावाचा इतिहास पाहिलाय, आणि तो बहुतेक वेळा चित्रीकरण करणाऱ्याचं लक्ष नसलेल्या कोपऱ्यात होता.

म्हणून एडिटरचा उपयोग वाचण्यासाठी करा. शेजारी वही ठेवा, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बसवा आणि हँडल सावकाश फिरवत कोण, कुठे, कुणाचं लग्न हे लिहून घ्या. पडद्याचं मोबाइलवर केलेलं चित्रीकरण अशा यादीपुरतं ठीक, जपायची प्रत म्हणून नाही. त्यासाठी एकेक चित्र टिपणारा स्कॅनरच हवा. काही रिळांच्या कडेला तपकिरी पट्टी असेल तर तो चुंबकीय ध्वनी आहे. तिथे अल्कोहोल लावू नका, कोरड्या मऊ फडक्याने पुसा, आणि स्कॅन करणाऱ्याला आवाज आहे हे आधीच सांगा.

पेटी मात्र आजच माळ्यावरून उतरवा. खालच्या मजल्यावर, भिंतीतल्या कपाटाच्या तळच्या कप्प्यात ठेवा. जुन्या माळवदाच्या घरात अशी थंड जागा सहज सापडते. झाकण अगदी हवाबंद नको. मग भोकांचा जवळून एक आणि रिळाच्या मधल्या छिद्राचा एक, असे दोन फोटो इथे टाका. माप पक्कं झालं की तुम्ही पाहिलेल्या यंत्रांपैकी कुठलं घ्यायचं ते बघू.