रोज वेगळा कोड, पण निळी स्क्रीन तीच

प्रश्न : मी घरी बसून चार दुकानांचे हिशेब लिहिते, जीएसटीचे रिटर्न भरते. काम वाढलं म्हणून दिवाळीत जुन्या ८ जीबी रॅमच्या जोडीला आणखी ८ जीबी टाकून घेतली. तेव्हापासून मध्येच निळी स्क्रीन येते आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. फोनवर फोटो काढलेत : एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. दुकानदाराने फॉरमॅट मारून दिला, आठवड्यात पुन्हा तेच. आता म्हणतो, मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. २० तारीख जवळ आलीय. काय करू?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, नवीन कॉम्प्युटरचं एवढ्यात मनावर घेऊ नका, आणि पुन्हा फॉरमॅट तर मुळीच करू देऊ नका. तुम्ही फोटो काढून ठेवलेत हे फार चांगलं केलंत, निम्मं उत्तर त्यातच आहे. एखादा ड्रायव्हर (प्रिंटरसारखा एखादा भाग चालवणारी फाइल) बिघडला असता तर बहुधा तोच तो कोड आला असता, अनेकदा खाली त्या फाइलचं नावही दिसलं असतं. तुमचे कोड दर वेळी वेगळे आहेत आणि तिन्ही मेमरीशी, म्हणजे रॅमशी, निगडित आहेत. शिवाय दुखणं सुरू झालं ते नवी रॅम बसल्यावर. माझा पहिला संशय तिच्यावरच आहे. फॉरमॅटने डिस्क पुसली जाते, रॅम होती तशीच राहते.

मेमरीत ठेवलेली माहिती वाचताना भलतीच निघाली की विंडोज सगळं काम जागच्या जागी थांबवतं, नाहीतर ती चूक डिस्कवर उतरेल. मला निळ्या स्क्रीनपेक्षा जास्त काळजी वाटते ती न पकडल्या गेलेल्या चुकांची. खराब रॅम असताना घेतलेला बॅकअपही आतून बिघडलेला असू शकतो. म्हणून आधी नवी रॅम काढा, मग टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून लेजर उघडतात का, बेरजा जुळतात का ते बघा. लोकांचे हिशेब आहेत, एवढी मेहनत घ्याच.

रॅम काढताना कॉम्प्युटर बंद करून प्लग ओढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच रॅमच्या पट्टीला हात घाला. सोनेरी दातांना बोटं लावू नका. परत बसवताना पट्टीची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब द्या, क्लिप 'कट्' वाजली पाहिजे. अर्धवट बसलेल्या पट्टीपायीही हे सगळं रामायण घडतं.

जुन्या पट्टीवर दोन-तीन दिवस काम करा. निळी स्क्रीन आली नाही, तर त्याच स्लॉटमध्ये एकटी नवी पट्टी लावा आणि 'मेमटेस्ट८६' हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा, विंडोज सुरूच करू नका. विंडोजची स्वतःची मेमरी तपासणी असते, पण तिच्या नजरेतून बरंच निसटतं. मेमटेस्टमध्ये एक जरी लाल ओळ आली तरी ती पट्टी बाद. 'एखाददुसरी एरर चालते' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. बिल शोधून ठेवा, रॅमला बहुधा काही वर्षांची वॉरंटी असते.

दोन्ही पट्ट्या एकेकट्या पास झाल्या आणि जोडीने लावल्यावरच गडबड झाली, तर बहुधा त्यांचं आपसात जमत नाही. एक २६६६ वेगाची आणि दुसरी ३२०० वेगाची असेल तर हे हमखास तपासा. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सोय, चालू असेल तर बंद करा. तरीही जमलं नाही तर एकाच पाकिटातली जोडी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकेकटी पट्टी लावूनही, प्रत्येक स्लॉटमध्ये एरर येत राहिल्या तर मदरबोर्डकडे, प्रोसेसरकडे किंवा एसएमपीएसकडे (वीज पुरवणाऱ्या डब्याकडे) बोट दाखवता येईल. दुकानदाराने यातलं काय तपासलं ते त्याला विचारा.

या महिन्याचं रिटर्न जुन्या ८ जीबीवरच भरा. कॉम्प्युटर थोडा हळू चालेल, पण आकडे बिघडण्याची धास्ती कमी होईल.