कुंडी उचलून बघा
(वाचकांचे प्रश्न आणि काकूंची उत्तरं)

गेल्या अंकात बिगोनियाबद्दल, म्हणजे शोभेच्या पानाफुलांच्या त्या कुंडीतल्या झाडाबद्दल, जाता जाता दोन ओळी लिहिल्या, तर या महिन्याची निम्मी पत्रं त्याचीच आली. जवळजवळ सगळ्यांनी पानांचे फोटो पाठवलेत. कुंडीचा फोटो एकानंही पाठवलेला नाही, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो.

प्रश्न : काकू, आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. हौसेनं रंगीत पानांचा रेक्स बिगोनिया आणला. महिन्याभरात पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्या आणि आता पानंच मान टाकतायत. रोज पाणी घालते, दोनदा फवारते, तरी सुकतंय. पाणी वाढवू का? (ठाणे)

मुळीच नको. आधी हातातला फवारा खाली ठेवा, ताई.

तुमच्या झाडाला दोन वेगळी दुखणी आहेत. मान टाकणं जास्त गंभीर, म्हणून ते आधी. तहानलेला बिगोनिया लोळतो आणि पाण्यात बुडालेलाही लोळतो. पानाकडे बघून दोन्हीतला फरक कळत नाही, तो कळतो वजनात. कुंडी उचलून बघा. हलकी लागली तर पाणी द्या, संध्याकाळपर्यंत पानं उभी राहतील. जड लागली आणि तरी पानं लोळलेली असतील, तर मुळं कुजलीत. रोजचं पाणी म्हणताय, म्हणजे तुमची कुंडी जडच असणार.

कुंडी आडवी करून झाड अलगद बाहेर काढा. रेक्सची मुळं फार बारीक असतात आणि वरच्या थरातच पसरतात. पांढरं, चिमटीत टिकणारं मूळ चांगलं. तपकिरी मूळ ओढल्यावर साल सुटून बोटांत आली आणि आतली दोऱ्याएवढी शीर तेवढी लोंबत राहिली, तर ते मेलेलं आहे. आंबूस वास येतोच. अशी सगळी मुळं स्वच्छ कात्रीनं कापून टाका. पानंही निम्मी कमी करा, उरलेल्या मुळांना एवढा संसार झेपणार नाही.

आता कुंडी. ती आणखी मोठी घ्यायचा मोह आवरा. उरलेल्या मुळांपेक्षा बोटभरच मोठी हवी, उथळ असली तर उत्तम. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली ओल सुकत नाही आणि कूज तिथूनच सुरू होते. लाल माती घालू नका. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पर्लाइट (पांढरे, हलके, फुगवलेले खडे), एक भाग पालापाचोळ्याचं किंवा गांडूळखत. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुऊन, पिळून घ्या, त्यात मीठ असतं. रेक्सचं जाडसर, आडवं खोड मिश्रणाच्या वरच राहू द्या, पुरलंत की कुजलं. वरून पारदर्शक पिशवी सैलसर घाला आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत बंद. यापुढे बोटाचं पहिलं पेर कोरडं लागलं तरच पाणी. नर्सरीवाले ‘रोज घाला’ सांगतात ते त्यांच्या जाळीखालच्या उघड्या जागेपुरतं खरं असेल, तुमच्या दिवाणखान्यात ते चालत नाही.

राहिल्या कडा. ठाण्याची हवा कोरडी म्हणता येणार नाही, पण एसीच्या झोतात ती कोरडी होते. झाड तिथून हलवा. दुसरा संशय क्षारांवर : मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसतात का? बोअरचं पाणी आणि जास्तीचं खत, दोन्हींनी कडा जळतात. फवाऱ्याचा उपयोग नाही. पाणी थोड्या वेळात उडून जातं, हवा आधी होती तशीच राहते आणि पानावर साचलेले थेंब रोगाला आवतण देतात. त्यापेक्षा पसरट ताटलीत खडे, त्यात पाणी आणि खड्यांवर कुंडी. कुंडीचं बूड पाण्याला टेकता कामा नये. ईशान्य भारतातल्या ओल्या, सावलीच्या जंगलातलं हे झाड, त्याला ओलसर हवा हवी असते पण चिखल सोसत नाही. तपकिरी झालेली कड पुन्हा हिरवी होत नाही, तेव्हा तिची वाट बघू नका. नवं पान कसं येतंय ते बघा.

प्रश्न : पानांवर पिठासारखे पांढरे डाग पडलेत. आमची द्राक्षबाग आहे, त्यामुळे भुरी ओळखतो. ही तीच का? बागेचं गंधक मारू का? बागेला लागण होईल का? (नाशिक)

भुरीच आहे, ओळख बरोबर. पण द्राक्षावरची बुरशी वेगळी आणि बिगोनियावरची वेगळी. बागेतून घरात किंवा घरातून बागेत ती येणार नाही, घरातल्यांना निर्धास्त करा.

दिवसा ऊन आणि रात्री गारवा असला, की हिला फावतं. पान ओलं असण्याचीही गरज लागत नाही. डागाळलेली पानं तोडून पिशवीत बांधून टाका. कुंड्या एकमेकींना चिकटून असतील तर हातभर अंतर ठेवा, वारा खेळला की अर्धं काम होतं. गंधक चालतं, पण रंगीत पानांवर त्याचे डाग राहतात आणि हवा तिशीच्या वर गेली की पान भाजतं. शिवाय निंबोळी तेल फवारलं असेल तर दोन आठवडे गंधकाला हात लावू नका. घरातल्या दोन-चार कुंड्यांना मी खायचा सोडाच सुचवेन : लिटरभर पाण्यात एक सपाट चमचा आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस थांबा. यानं नवी भुरी अडते, जुने व्रण तसेच राहतात.

प्रश्न : पावसाळ्यात पानांवर पाणी भरल्यासारखे ठिपके येतात, भोवती पिवळं वलय दिसतं. आणि आमच्या घाटात ओल्या कातळावर गुलाबीसर फुलांचं झाड दिसतं, तोही बिगोनियाच का? (सावंतवाडी)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आनंदानं देते : असणार. पान मधल्या शिरेच्या दोन बाजूंना असमान आहे का बघा, एक बाजू मोठी, एक लहान. फुलाच्या मागे तीन पंखांची हिरवी डबी असेल तर ते मादीफूल. सह्याद्रीतला हा बहुधा बिगोनिया क्रेनाटा. पावसाळा संपला की वरचं सगळं वाळतं आणि कंद फटीत झोपतो. तो उपटून कुंडीत आणू नका, कातळावरचं पाझरतं पाणी तुम्ही कुठून देणार?

ठिपके जिवाणूंचे आहेत. यावर घरगुती औषध नाही, उगाच फवारत बसू नका. थोडी पानं असतील तर तोडा, देठापर्यंत पोचलं असेल तर सबंध झाड टाका. पागोळीखालच्या कुंड्या आत घ्या, पाणी बुडाशी घाला आणि एका झाडावर चालवलेली कात्री पुसल्याशिवाय दुसऱ्याला लावू नका.

प्रश्न : पानांवर पांढरे ठिपके असलेला मॅक्युलाटा बिगोनिया आहे. हिवाळ्यात हीटर सुरू झाला की खालची पानं पिवळी पडून गळतात. उंच काठी आणि वर चार पानं, एवढंच उरलंय. (न्यू जर्सी)

खालची पानं गळणं हा दिवस लहान झाल्याचा परिणाम. उजेड कमी झाला की झाड म्हाताऱ्या पानांचा खर्च बंद करतं. गळती वरच्या कोवळ्या पानांपासून सुरू झाली असती तर मी घाबरले असते. दक्षिणेकडच्या खिडकीपाशी पातळ पडद्याआड ठेवा, हीटरपासून लांब. पाणी उन्हाळ्याच्या निम्म्यावर आणा. मार्चअखेर काठी खालून दोन-तीन डोळे (पान फुटतं त्या गाठी) ठेवून बेधडक छाटा. वरच्या भागाचे दोन-दोन डोळ्यांचे तुकडे करून त्याच कुंडीत बुंध्याभोवती खोचा, कुंडी भरगच्च होईल. घरात मांजर असेल तर मात्र उंचावर. बिगोनियात ऑक्झलेट असतं, चघळलं की तोंड चुरचुरतं.

प्रश्न : दिवाळीला भेट आलेला, दुहेरी फुलांनी लगडलेला बिगोनिया फुलं संपल्यावर मरायला टेकलाय. काय करू? (पुणे)

तो एलाटिअर जातीचा दिसतो. पॉलिहाउसात एका बहरासाठीच वाढवतात. बुडाशी हिरवे कोंब असतील तर चार बोटं ठेवून छाटा आणि महिनाभर बघा. नसतील तर कंपोस्टात टाका, आणि मिश्रणात पर्लाइट सापडलं तर ते धुऊन ठेवा.