व्हीलूकअपमध्ये अर्ध्या वर्गाला एकाच मुलीचं नाव

प्रश्न : सर, मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत क्लार्क आहे. एक्सेलमधल्या निकालाच्या फाईलमध्ये सरल आयडी, म्हणजे सरकारच्या सरल पोर्टलवरचा मुलाचा नंबर, टाकला की मास्टर फाईलमधून नाव नि जन्मतारीख यावी म्हणून व्हीलूकअप, म्हणजे दुसऱ्या यादीतून शोधून माहिती आणणारा फॉर्म्युला, लावलाय, तंतोतंत जुळलं तरच घ्यावं म्हणून शेवटी फॉल्स पण टाकलंय, तरी काही मुलांना एन-ए (सापडलं नाही) येतं आणि बाकीच्यांना सगळ्यांना एकाच मुलीचं नाव येतं. वर मुख्याध्यापकांच्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली की लिंक अपडेट करा म्हणतं, केलं तर सोर्स सापडत नाही. निकाल तोंडावर आलाय.

उत्तर : ताई, आधी एक काम करा, या फाईलवरून एकही प्रिंट काढू नका. एन-ए आलेला डोळ्यांना दिसतो तरी, पण चुकीची जन्मतारीख गुणपत्रिकेवर गेली की त्या पोराला पुढे दाखल्यापर्यंत त्रास होतो.

तुमचा फॉर्म्युला बरोबर आहे, गडबड आयडीत आहे. सरल आयडी 19 अंकी, आणि एक्सेल नंबर म्हणून फक्त 15 अंक लक्षात ठेवतं, पुढच्या चार जागी सरळ शून्य टाकतं. एका शाळेतल्या पुष्कळ मुलांचे सुरुवातीचे आकडे सारखेच, फरक असतो तो शेवटी, आणि नेमकं तेच पुसलं गेलं, मग एक्सेलच्या लेखी ती सगळी मुलं एकच आणि व्हीलूकअप यादीत सगळ्यात वर सापडेल तिचं नाव देतो. फॉल्सने इथे काही वाचत नाही. जिथे एन-ए येतोय तिथे बहुतेक एका फाईलमध्ये आयडी टेक्स्ट (मजकूर) म्हणून आहे नि दुसरीत नंबर म्हणून. शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये इजटेक्स्ट लावून बघा, टेक्स्ट असेल तर तो ट्रू म्हणतो, दोन्ही फायलींत सगळीकडे ट्रू यायला हवं.

आता कॉलमचा फॉरमॅट टेक्स्ट केला म्हणून गेलेले आकडे परत येत नाहीत हो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मूळ सीएसव्ही (स्वल्पविरामांनी माहिती वेगळी केलेली साधी फाईल) परत घ्या, पण डबल क्लिक करून उघडू नका, एक्सेल आयडीला नंबर करून टाकतं, तिथेच घोळ होतो. कोरी फाईल उघडून डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही घ्या, ट्रान्सफॉर्म डेटामध्ये जाऊन आयडीच्या कॉलमचा प्रकार टेक्स्ट करा, विचारलं तर रिप्लेस करंट म्हणा. हाताने टाइप करायचं असेल तर आधी कॉलम टेक्स्ट करायचा, मग टाइप करायचं. आणि डुप्लिकेट शोधायला काउंटइफ हा मोजणारा फॉर्म्युला वापरू नका, तो टेक्स्टमधल्या आयडीलाही नंबर समजून 15 अंकांवरच थांबतो, सगळेच डुप्लिकेट दाखवेल.

लिंकचं म्हणाल तर मास्टर फाईल बंद असली तरी व्हीलूकअपला चालतं, फक्त ती जागेवर पाहिजे. तुम्ही पेनड्राईव्हवर एकटी निकालाची फाईल नेत असणार. दोन्ही फायली एकाच फोल्डरमध्ये ठेवा नि अख्खं फोल्डर कॉपी करा, तरी अडलं तर डेटा टॅबमध्ये एडिट लिंक्स, तिथून चेंज सोर्स, नि नवी जागा दाखवा. नवीन एक्सेलमध्ये त्यालाच वर्कबुक लिंक्स म्हणतात. मास्टर फाईलमध्ये मधेच कॉलम घुसवला असेल तर फॉर्म्युल्यातला कॉलम नंबर आपोआप बदलत नाही, तोही बघून घ्या.

सगळं झालं की प्रत्येक वर्गातली पाच-सहा नावं जनरल रजिस्टर समोर ठेवून जन्मतारखेसकट ताडून बघा, आणि मगच प्रिंट काढा.