बंडखोर अपक्ष अर्ज भरतात आणि शेवटच्या दिवशी मागे का घेतात?

बहुतेकांना लढायचं नसतंच, भाव ठरवायचा असतो. विधानसभेची अनामत खुल्या गटाला 10 हजार, आणि माघारीच्या दिवशी दुपारी 3 च्या आत अर्ज मागे घेतला की तीही परत. म्हणून 2:50 ला भाऊंचा फोन बंद आणि निवडणूक कचेरीच्या पायऱ्यांवर कार्यकर्ते घामाघूम, हे नागपुरात ठरलेलं. महामंडळ, मनपाचं तिकीट, निदान मोठ्या नेत्याची घरी चक्कर. एवढ्यावर माणूस बसतो.

पण सगळेच बसत नाहीत. जिल्ह्यातलं रामटेक बघा: 2019 ला जागा भाजपकडे गेली, तर सेनेचे आशिष जयस्वाल अपक्ष लढून निवडून आले. 2024 ला काँग्रेसचे राजेंद्र मुळक तसेच अडले. जयस्वालांकडून हरले, तरी आघाडीच्या अधिकृत उमेदवाराच्या पुढेच राहिले.